सहा वाजताची भूक

आमच्या ऑफिसात एक मुलगा आहे, मुलगा म्हणजे चौतीस वर्षांचा, पण मला मुलगाच. गेल्या महिन्यात सगळ्यांचं वार्षिक चेकअप झालं आणि त्याला डायबेटिस निघाला, एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टेस्ट, ७.८ आली. अंगाने काटकुळा, लिफ्ट न घेता चार मजले चढून येणारा, त्यामुळे कुणाला पटेचना, जो तो त्याला "अरे तुला कसा काय झाला" म्हणून विचारत होता आणि तो बिचारा खाली मान घालून हसत होता. त्याला एक छापील डाएट चार्ट मिळाला होता. नाश्त्याच्या चार ओळी, दुपारच्या जेवणाच्या पाच, रात्रीच्या जेवणाच्या पाच, आणि मध्ये फक्त एक ओळ, संध्याकाळी ५ ते ६, हेल्दी स्नॅक. बस, एवढंच. तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "ताई, हे हेल्दी स्नॅक म्हणजे नक्की काय खायचं हो?"

मी त्याला चहाच्या सुट्टीत जमेल तेवढं सांगितलं, पण घरी येताना गाडीत डोक्यात तेच चालू होतं की खरं तर सगळ्यात जास्त ओळी याच जागी लिहायला पाहिजे होत्या, आणि मलाही कुणी लिहून दिल्या नव्हत्या. म्हणून आता लिहून काढते, त्याच्यासाठी आणि अजून कुणाला उपयोग झाला तर त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही की डायटिशियन नाही. २०१८ मध्ये मला डायबेटिस निघाला, उपाशीपोटी रक्तातली साखर १६८ आणि एचबीएवनसी ८.४, तेव्हापासून जे वाचलं, विचारलं आणि स्वतःच्या बोटाला टोचून मोजलं तेवढंच माझ्याकडे आहे.

आधी आपल्या मुंबईच्या दिवसाचा हिशोब बघा. मी राहते मुलुंडला, ऑफिस फोर्टात. दुपारचा डबा पावणेएकला उघडतो, कारण सकाळी साडेसातला घर सोडलेलं असतं आणि त्यानंतर कुणाला दम निघत नाही. रात्रीचं जेवण घरी पोचून, कुकर लावून, सगळे जमेपर्यंत साडेनऊ. म्हणजे पावणेनऊ तासांची गॅप. एवढा वेळ कुणीही उपाशी राहत नाही, राहू पण नये, आणि मग सहा वाजता जी भूक लागते ती काही निवड करायच्या मनःस्थितीत नसते, समोर जे असेल ते खाते. समोर काय असतं? सीएसएमटीला उतरणाऱ्या रस्त्यावर गरम तेलाचा वास, वडापाव, समोसे, सँडविच, फ्रँकी, आणि ऑफिसच्या पँट्रीत बिस्किटांचे डबे. लोक म्हणतात तोंडावर ताबा पाहिजे. मला नाही पटत ते. दुपारच्या जेवणाचा डबा आपण सकाळीच भरतो म्हणून ते बरं होतं, संध्याकाळच्या खाण्याचा डबा कुणी भरतच नाही, सगळी गडबड तिथे आहे.

आता बिस्किटांबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे, कारण त्यात माझ्या आईची गोष्ट आहे. आईला डायबेटिस बरीच वर्षं होता. तिला कधीतरी कुणीतरी सांगितलेलं की शुगरवाल्यांनी मारी बिस्किट खावं, ते हलकं असतं. झालं, त्या दिवसापासून घरात गोड बंद आणि बिनसाखरेच्या चहासोबत मारी चालू. सकाळी चार, संध्याकाळी चार, कधी रात्री झोप नाही आली तर अजून दोन. ती इतक्या श्रद्धेने खायची ती बिस्किटं, लाडू समोर आला तरी हात लावायची नाही, आणि शुगर काही खाली यायची नाही, मग डॉक्टर गोळी वाढवायचे आणि आई म्हणायची मी तर काहीच खात नाही हो. खरंच वाटायचं तिला तसं. एका मारीत साधारण चार ग्रॅम कर्ब्स (कार्बोहायड्रेट, ज्यांची शरीरात साखर होते) असतात, जवळपास सगळा मैदा आणि साखर. आठ बिस्किटं म्हणजे बत्तीस ग्रॅम, दिवसाला जवळपास दोन पोळ्यांएवढे कर्ब्स जास्तीचे, आणि त्यात पोट भरायला प्रोटीन नाही की फायबर नाही. बिस्किट गोड लागत नाही म्हणून ते साखरेचं नाही असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. आईने एकही दिवस नियम मोडला नाही, नियमच चुकीचा होता, आणि मला आजही त्याचं फार वाईट वाटतं की आम्ही कुणी पाकीट उलटं करून वाचलं नाही.

म्हणून मला डायबेटिस निघाल्यावर मी पहिल्यांदा वही घातली. पद्धत साधी आहे. खायच्या आधी एकदा बोट टोचून ग्लुकोमीटरवर शुगर बघायची, पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी परत टोचायचं, दोन्ही आकडे आणि काय व किती खाल्लं ते लिहायचं. स्ट्रिप्स महाग पडतात म्हणून रोज नाही, आठवड्यातून दोन संध्याकाळी. दोन तासांनी १८० च्या आत असावं असं बऱ्याच जणांना डॉक्टर सांगतात, मलाही तेच टार्गेट आहे, पण मी वहीत जास्त बघते ती दोन आकड्यांमधली उडी. आणि एक, टोचण्याआधी हात साबणाने धुवा. मला एकदा संत्रं सोलून झाल्यावर २३७ दिसलं, पोटात गोळाच आला माझ्या, हात धुऊन परत घेतलं तर १३९. बोटावरचा रस मोजला होता मीटरने.

तर वहीतले काही आकडे सांगते, हे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. रस्त्यावरची भेळ, अर्धी प्लेट नाही, पूर्ण, १२८ वरून २१४. मी धरून चालले होते की कुरमुरे किती हलके, त्यांनी काय होणार. कुरमुरे वजनाला हलके असतात पण तांदूळच तो, फुगवलेला, आणि फुगवलेल्या तांदळाची साखर रक्तात फार पटकन उतरते, वर गूळ-खजुराची चटणी आणि शेव. नाचणीची बिस्किटं, पाकिटावर मोठ्ठं नाचणीचं कणीस, पाच खाल्ली, १२६ वरून १९३. मागे बघितलं तर पहिला घटक मैदा आणि नाचणी नावाला. पण नाचणीचं आंबील घरी केलं, अगदी बिनसाखरेचं, ताक घालून, तरी १२२ वरून १८७. हे मला कोडंच होतं, कारण त्याच नाचणीची भाकरी मटकीच्या उसळीसोबत खाल्ली की एवढं वाढत नव्हतं. आमच्या डायटिशियन मॅडमनी सांगितलं की पीठ बारीक, त्यात शिजवून पातळ केलेलं, म्हणजे पोटाला काही कामच उरलं नाही, ते सरळ साखर होऊन जातं. भाकरी चावावी लागते, सोबत उसळीचं प्रोटीन आणि फायबर आहे, म्हणून हळू जातं.

आणि साधे भाजलेले चणे, एक मूठ, १३१ वरून १४६.

हे मी परत करून बघितलं, मला खरं वाटेना. तिसऱ्यांदा केलं तेव्हा पण वीसच्या आतच वाढ. चण्यात कर्ब्स नाहीत असं नाही हं, भरपूर आहेत, पण सोबत फायबर आणि प्रोटीन एवढं आहे की ते सावकाश पचतं. तीस ग्रॅम म्हणजे एक मूठभर चण्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन मिळतं. शेंगदाण्याचं त्याहून सौम्य, शुगर जवळजवळ हलतच नाही, पण तीस ग्रॅम दाण्यांच्या १७० कॅलरी होतात, आणि दाणे एकदा खायला लागलं की हात थांबत नाही, म्हणून मी मूठ मोजूनच डबीत टाकते. पिशवीतून खायचं नाही, हा एक नियम मी पक्का पाळते.

खाल्लेल्या पदार्थाने रक्तातली साखर किती वेगात वाढते याचा आकडा असतो, ग्लायसेमिक इंडेक्स, तो १९८१ मध्ये टोरंटोच्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. तक्ते मिळतात नेटवर. पण तक्त्यात एकेक पदार्थ सुटा असतो आणि आपण सुटं कधी खातो? केळं नुसतं खाल्लं तर एक वाढ, केळ्यासोबत आठ-दहा दाणे खाल्ले तर दुसरी. शिवाय किती खाल्लं तेही आलंच. मोठ्या केळ्यात २५-२७ ग्रॅम कर्ब्स असतात, आपल्या वसईकडच्या वेलची केळ्यात त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून मी केळं सोडलं नाही, वेलची घेते, एकच, आणि दाण्यांसोबत. पेरू तर डायबेटिसवाल्यांसाठी देवाने पाठवलंय असं मला वाटतं, शंभर ग्रॅमला पाच ग्रॅम फायबर, चावायला वेळ लागतो, पोट भरतं. फक्त तो गाडीवाला मीठ-मसाला फासून देतो ना, तो बीपीवाल्यांनी नको सांगायचा. ज्यूस कुठलाच नाही, मोसंबीचा पण नाही, "फ्रेश" असला तरी. चार मोसंब्यांची साखर एका ग्लासात आणि चोथा गाळून कचऱ्यात.

त्या मुलाचा दुसरा प्रश्न होता की मी तर बारीक आहे, मग मला कशाला कॅलरी मोजायच्या. त्याला मी डॉ. चित्तरंजन याज्ञिकांबद्दल सांगितलं, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला होता, दोघं शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सेम, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. म्हणजे आपण भारतीय लोक दिसायला बारीक असलो तरी आत चरबी जास्त, ती पण पोटाच्या आसपास, आणि स्नायू कमी. म्हणून बारीक माणसाला डायबेटिस होतो यात नवल काही नाही, आणि त्याने काही पाप केलंय असंही नाही. २०२३ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा जो मोठा सर्व्हे आला त्यात देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस असल्याचा अंदाज आहे, आणि १३ कोटींहून जास्त उंबरठ्यावर. हे ऐकल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. आपल्याबरोबर गर्दी आहे याचं मुंबईच्या माणसाला बरंच वाटतं.

आता वडापाव. सगळे हाच विचारतात. वर्षानुवर्षं खाल्लेलं असतं, कधी परीक्षेचा पेपर चांगला गेला म्हणून, कधी पगार झाला म्हणून, आणि एक दिवस कुणीतरी सांगतं आता कायमचं बंद. मला कायमचं बंद हा शब्दच चालत नाही, कारण कायमचं बंद केलेलं एक दिवस तीनच्या हिशोबाने आत जातं, हे मी आमच्याच घरात बघितलंय. वडापावात बटाटा आणि मैद्याचा पाव, कर्ब्सवर कर्ब्स, वर तळण. मी पंधरा दिवसांतून एकदा खाते, भुकेल्या पोटी कधीच नाही. आधी डबीतले चणे किंवा काकडी-गाजर खाऊन घेते, मग वडा पूर्ण आणि पाव अर्धा, सुकी लसणाची चटणी भरपूर, गोड चटणी नाही. आणि त्यानंतर फोर्टातून स्टेशनपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालत. हे चालणं फार कामाचं आहे बरं का, खाल्ल्यावर लगेच चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात. वहीत तोच वडापाव बस पकडलेल्या दिवशी आणि चालत गेलेल्या दिवशी असे दोन्ही आकडे आहेत, चाळीसचा फरक आहे. मी बस सोडली ती तेव्हाच.

चणे-शेंगवाले मात्र मुंबईचं वैभव आहे. स्टेशनबाहेर टोपली, वर छोटंसं मडकं, त्यात निखारे, कागदाची पुडी. दहा-वीस रुपयांत यापेक्षा चांगलं काही मिळत नाही. थंडीत हिरवे हरभरे, भाजलेले किंवा नुसतेच जुडीचे, गाडीत बसून एकेक घाटा सोलत खायचे, सोलण्यातच कांजूरमार्ग येतं. उकडलेल्या शेंगा त्याहून छान. मक्याचं कणीस चालतं पण अर्धं, आणि त्या दिवशी रात्री एक पोळी कमी. ताडगोळे उन्हाळ्यात, दोन-तीन, थंड आणि पोट भरणारे. नारळपाणी लोक औषधासारखं पितात, तेही चालतं कधीतरी एक, पण त्यात साखर असते हे लक्षात ठेवून.

आता जे सांगणार आहे ते नीट वाचा, विशेषतः जे इन्सुलिन घेतात किंवा ज्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइडसारखं, शुगर एकदम खाली पाडू शकणारं औषध आहे. मला सुरुवातीला तीच गोळी होती. जुलै महिना, धो धो पाऊस, ऑडिटमुळे दुपारी अर्धाच डबा खाल्लेला, संध्याकाळी काही नाही, आणि गाडी सायन आणि कुर्ल्याच्या मध्ये उभी. रुळांवर पाणी. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. मला घाम फुटायला लागला, तो तर सगळ्यांनाच येत होता, पण माझे हात थरथरायला लागले, छाती धडधड, आणि शेजारची बाई काय बोलतेय ते कळेना, तिचा राग यायला लागला विनाकारण. पर्समध्ये माझी ती चण्याची डबी होती, मी ती उघडून चणे चावायला लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, काहीच होईना, उलट डोळ्यासमोर अंधारी. समोरच्या कोळीणबाईंनी ओळखलं. त्यांच्या नवऱ्याला शुगर होती. त्यांनी मला दटावलं, "चणं काय खातेस पोरी, साखर घाल तोंडात," आणि त्यांच्या बटव्यातून चार-पाच लिंबाच्या गोळ्या काढून दिल्या, चावून खा म्हणाल्या, चघळत बसू नको. पंधरा मिनिटांनी मी माणसात आले. त्या भायखळ्याला चढल्या होत्या एवढंच मला माहीत आहे, नाव विचारायचं राहिलं.

ज्या गुणामुळे चणे रोजच्याला चांगले, हळू पचतात, त्याच गुणामुळे शुगर पडल्यावर ते निरुपयोगी. हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. शुगर ७० च्या खाली गेली तर तिथे हेल्दी वगैरे काही बघायचं नाही, पंधरा ग्रॅम साधी साखर, म्हणजे तीन-चार चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकोज पावडर किंवा अर्धा कप ज्यूस, पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, अजून कमी असेल तर परत तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे ते पण उशीर लावतं. आकडा वर आला आणि जेवायला वेळ असेल तर मग चणे, दाणे, पोळी काय ते खायचं, म्हणजे परत पडत नाही. आणि ज्यांच्या औषधात अकार्बोज किंवा व्होग्लिबोज आहे त्यांना साधी साखर पण लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखर फोडायचं कामच अडवते, त्यांनी ग्लुकोजच जवळ ठेवायचं. आपल्या गोळीच्या पाठीवर काय नाव आहे ते वाचा आणि डॉक्टरांना हा एक प्रश्न विचारून घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही कोंबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

त्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये दोन डब्या आहेत. एक स्टीलची, रोजच्या खाऊची. दुसरी औषधाच्या जुन्या बाटलीत ग्लुकोज पावडर. मुलीला, नवऱ्याला, ऑफिसातल्या शेजारणीला तिन्ही जणांना सांगून ठेवलंय कुठली कशासाठी.

उपवासाचं पण सांगते कारण आमच्याकडे सासूबाईंची संकष्टी कधी चुकत नाही आणि त्यांनाही शुगर आहे. साबुदाण्याची खिचडी म्हणजे उपास हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय. साबुदाणा म्हणजे कंदाचा नुसता स्टार्च, शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७-८८ ग्रॅम कर्ब्स आणि प्रोटीन एक ग्रॅम पण नाही. त्यात बटाटा. खिचडीला जे काही चांगलं आहे ते दाण्याच्या कुटाचं. मी सासूबाईंशी वाद घातला नाही, देवाच्या गोष्टीत आकडे सांगितलेले त्यांना आवडत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. मी फक्त त्यांना विचारलं की आई, तुमच्या लहानपणी रत्नागिरीला उपासाला काय करायचे. तर म्हणाल्या वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर दही घालून, कधी रताळं, साबुदाणा रोज कुठला परवडायला. आता आमच्याकडे तेच होतं. वरी पण कर्ब्सच आहे म्हणून ती वाटीभर आणि आमटी दोन वाट्या, दुपारी ताक, संध्याकाळी मूठभर दाणे किंवा राजगिऱ्याच्या लाह्या दुधात. राजगिऱ्याचा लाडू नाही, त्यात गूळ असतो, आणि गूळ काय साखर काय, रक्ताला दोन्ही सारखेच. चंद्रोदय रात्री नऊ-सव्वानऊला असतो तेव्हा गोळीची वेळ काय करायची हे त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलंय. मनाने गोळी बुडवून उपास करू नका कुणी, मी हात जोडून सांगते.

दुकानातल्या पाकिटांचं काय लिहू. "शुगर फ्री", "मल्टीग्रेन", "बेक्ड", "डायबेटिक फ्रेंडली". पुढची बाजू बघायचीच नाही, मागची वाचायची. घटक वजनाच्या क्रमाने लिहिलेले असतात, पहिला मैदा किंवा तांदूळ असेल तर पुढे काही लिहिलेलं असू दे. मग टोटल कार्बोहायड्रेट बघायचं, नुसती शुगर नाही, कारण स्टार्चचीही शेवटी साखरच होते. माल्टोडेक्स्ट्रिन नाव दिसलं तर तेही साखरेचंच भावंड. खजुराचे लाडू, एनर्जी बार, मधातले सुकामेव्याचे तुकडे, हे सगळं दिवाळीत प्रेमाने येतं, नाकारू नका, एक तुकडा जेवणानंतर खा आणि बाकी वॉचमनकाकांच्या मुलांना द्या. जेवणासोबत गोड खाल्लेलं नुसत्या पोटी खाल्लेल्यापेक्षा कमी उडी मारतं, हे पण वहीत आहे माझ्या.

अजून एक वाद असतो, दोनदाच खायचं की दर दोन तासांनी. आमच्या सोसायटीत एके काळी यावरून पार भांडणं झाली, दोनदाच खा म्हणणारे दीक्षित डाएटवाले एका बाजूला आणि दर दोन तासांनी खा म्हणणारे दिवेकर मॅडमवाले दुसऱ्या. मला दोन्हीकडचे लोक बरे झालेले माहीत आहेत. ज्याला फक्त मेटफॉर्मिन आहे आणि संध्याकाळी भूकच लागत नाही त्याने चार्टमध्ये लिहिलंय म्हणून खायचं काही कारण नाही, बिनसाखरेचा चहा प्या आणि घरी जा. पण ज्याची शुगर पडू शकते त्याने मनाने दोन जेवणांवर जाऊ नये. आणि किडनीचा त्रास सुरू झालेला असेल तर चणे-दाणे, कडधान्यं, फळं सगळ्याचंच प्रमाण वेगळं असतं, तिथे माझं ऐकू नका, तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

माझ्या डबीत काय असतं विचाराल तर ते रविवारच्या बाजारावर अवलंबून. मुलुंडच्या मार्केटातून एक किलो भाजलेले चणे आणि अर्धा किलो दाणे महिन्याचे, ते बाहेर असतात. शनिवारी रात्री मूग किंवा मटकी भिजत घातली की सोमवारी मोड तयार, ते जरासे वाफवून, कांदा, कोथिंबीर, लिंबू. मंगळवारी त्याच मुगाचं धिरडं, सुरळी करून. अंडं चालत असेल त्या दिवशी उकडलेलं अंडं, सहा ग्रॅम प्रोटीन आणि कर्ब्स जवळजवळ शून्य, पण लोकलमध्ये उघडू नका, ऑफिसातच खाऊन घ्या. कोथिंबीर वडी केली की वाफवलेल्याच दोन बाजूला काढते, तळायच्या आधी. ज्या दिवशी काहीच जमत नाही त्या दिवशी चणे. आठवड्यातले दोन दिवस चणेच असतात, कंटाळा येतो, मग कधी त्यात सुकं खोबरं, कधी कढीपत्ता तळून, कधी मेतकूट आणि थेंबभर तेल. मेतकूट लावलेले चणे खाऊन बघा एकदा.

वेळ पण महत्त्वाची. पावणेसहाला खायचं, ऑफिसमधून निघायच्या आधी, भूक मरणाची लागायच्या आत. मग रस्त्यावरचा वास येतो तेव्हा तो नुसता वास असतो.

एवढं करून माझी एचबीएवनसी आता ६.७ ते ६.९ मध्ये असते, ती ग्लिमेपिराइडची गोळी डॉक्टरांनी बंद केली, मेटफॉर्मिन चालू आहे. सगळं श्रेय डबीचं नाही, चालणं आहे, रात्री भात कमी केलाय.

काल तो मुलगा पावणेसहाला माझ्या टेबलापाशी आला. हातात डबा. बायकोने उकडलेल्या शेंगा दिल्या होत्या, मीठ आणि थोडी हळद घालून, दोघांना पुरतील एवढ्या, एक वाटी माझ्यासाठी म्हणून वेगळी बांधून दिलेली. त्याने खिशातून छोटी वही काढली, वर तारीख घातलेली, खायच्या आधीचा आकडा लिहिलेला, १४२. आम्ही शेंगा सोलत बसलो. मग तो म्हणाला दोन तासांनी मी गाडीत असेन ताई, उभ्याने कसं टोचू. मी म्हटलं अरे, घाटकोपरला उतर, बाकावर बस, हात धू, टोच आणि पुढची गाडी पकड. पावणेआठला त्याचा मेसेज आला, नुसता आकडा, १५८.